बापू, ऊन फुकट आहे, पाणी नाही

परभणी

चि. बापू,


माळावरच्या विहिरीवर सौरपंप बसला आणि भरदिवसा हरभऱ्याला पाणी लागलं, असं वहिनीनं फोनवर सांगितलं. सांगताना तिचा आवाज भरून आला होता. यंदाच्या थंडीत दादा आणि तू रात्री घरात झोपणार, याचाच तिला जास्त आनंद होता. मलाही फार बरं वाटलं. फोनवर एवढं सगळं बोलून होत नाही आणि काही गोष्टी तू सावकाश, दोनदा वाचाव्यास असं मनात आहे, म्हणून हे पत्र.

रात्रीची दारं धरणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. शेतीची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की मध्यरात्री उठायचं, कानाला मफलर गुंडाळायचा, हातात बॅटरी आणि खांद्यावर फावडं घेऊन निघायचं. आपल्या परभणीची डिसेंबर-जानेवारीची थंडी तुला सांगायला नको. तसल्या थंडीत गार पाण्यात उभं राहून एक वाफा भरला की पुढचं दारं फोडायचं. बांधाला घोणस असेल का, ओल्यात कुठं वायर उघडी पडली असेल का, ही धास्ती वेगळीच. मध्येच लाईट गेली तर शेकोटी करून तिथंच बसून राहायचं, कारण घरी आलं आणि लाईट आली तर पाळी वाया जायची. डीपी जळाली तर पीक डोळ्यांदेखत माना टाकायचं. दादाचे गुडघे या रात्रींनी खाल्ले. आणि तो परत येईपर्यंत वहिनीचा डोळा लागायचा नाही. दिवसाची वीज ही शेतकऱ्याच्या घराला मिळालेली फार मोठी गोष्ट आहे, आणि ज्या ज्या सरकारनं, ज्या ज्या अधिकाऱ्यानं आणि लाईनमननं त्यासाठी हात लावला त्यांचं मला मनापासून कौतुक आहे.

पण सौरपंपाची ही योजना कशासाठी आली, हेही तुला नीट माहीत असावं. मार्च २०२४ अखेर महाराष्ट्रात ४७ लाखांवर कृषिपंप ग्राहक होते. एकूण वीजग्राहकांत ते १६ टक्के, पण विजेच्या वापरात त्यांचा वाटा ३० टक्के. आता आपल्या एका विहिरीचा हिशेब कर. पाच एचपीची मोटार, आतली घट धरून, तासाला साडेचार युनिटच्या आसपास वीज खाते. आठ तासांची झाली ३६ युनिट. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. पाणी, वारा, ऊन सगळं धरून देशाची सरासरी काढली तरी एका युनिटमागं साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे दिवसाला २५ किलो. हंगामात शंभर दिवस मोटार चालली तर अडीच टन, आणि हे एका विहिरीचं. शिवारात विहिरी किती आहेत ते तूच मोज.

आणि कोळशाची वीज नुसता कोळसा खात नाही, पाणीही पिते. हे आपल्या भागाइतकं कुणी पाहिलेलं नसेल. परळीचं औष्णिक केंद्र बीड जिल्ह्यात, पण त्याचं पाणी यायचं गोदावरीवरच्या आपल्या सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून. २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी ते केंद्र बंद करावं लागलं, आणि जुलै २०१५ मध्ये पुन्हा सगळे संच थांबले. कोळसा होता, माणसं होती, यंत्रं होती, फक्त नदीत पाणी नव्हतं. पाणी उपसायला वीज लागते आणि वीज करायला पाणी लागतं. दुष्काळात दोन्ही एकदम जातात.

दुष्काळ आणि अतिवृष्टी, दोन्ही आपण जवळून पाहिलंय. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात असा पाऊस झाला की काढणीला आलेल्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी साचलं, नदीकाठची माती खरवडून गेली. हवामान तापत चाललं की पाऊस असाच वागतो: दडी मारतो तेव्हा लांबते, कोसळतो तेव्हा धरबंध राहत नाही. हवेत वायू सोडणारे मोठे देश आणि मोठे कारखाने आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जबाबदार आहेत, यात वादच नाही. पण सोसावं लागतं ते कोरडवाहू शेतकऱ्याला. म्हणून उत्सर्जन कमी करण्याचं हे काम परक्याचं समजू नकोस. ते आधी आपल्या हिताचं आहे.

भारतानं जगाला शब्द दिलाय की २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन ४५ टक्क्यांनी कमी करू, आणि वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा-तेल-वायूच्या बाहेरची करू. यातलं दुसरं उद्दिष्ट २०२५ मध्येच, पाच वर्षं आधी गाठलं गेलं. मात्र क्षमता निम्मी झाली म्हणजे प्रत्यक्ष वीजही निम्मी झाली असं नाही. सौर पॅनल रात्री काही देत नाही, म्हणून संध्याकाळ झाली की भार पुन्हा कोळशावरच जातो. इथं शेतीचं महत्त्व कळतं. कारखाना रात्री थांबवता येत नाही, दवाखाना थांबवता येत नाही. पिकाला मात्र पाणी दिवसा दिलं तरी चालतं, आणि माणसाला तर दिवसाच द्यायला हवं असतं. ऊन असताना मोटार चालवणं हे शेतकऱ्याच्याही सोयीचं, विजेच्या जाळ्याच्याही आणि हवेच्याही. तिघांचं भलं एकाच कामात होतंय असं क्वचितच घडतं.

राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला, तो याच विचारावर. गावाजवळच्या उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या उपकेंद्रावरच्या शेतीच्या फीडरला दिवसा तीच वीज द्यायची. वीज जवळच तयार झाल्यानं वाटेत तारांमध्ये वाया जाणारा भाग वाचतो, आणि ती युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. जिथं तारच पोहोचलेली नाही तिथं २०२४ ची मागेल त्याला सौर कृषिपंप योजना. तू भरलास तो दहा टक्के हिस्सा सर्वसाधारण गटाचा, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना पाच टक्केच. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढं साडेसात. पाच वर्षांची देखभाल आणि विमा त्यातच आहे, म्हणून कागद जपून ठेव. वादळानं पॅनल उचकटलं किंवा गारांनी फुटलं तर तेच कागद कामी येतील.

आता मुख्य गोष्ट सांगते.

घरात वीज वाचवण्याचे सरकारी प्रयत्न यशस्वी झाले, कारण वाचलेलं युनिट थेट बिलात दिसतं. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यातून २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो निघाला, आणि फ्रिज-एसीवर दिसणारे तारे त्याचेच. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना आली, तेव्हा सरकारनं एलईडी बल्ब एवढ्या मोठ्या संख्येनं घेतले की ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-अडीच वर्षांत ४० रुपयांच्या खाली आला. ६० वॅटच्या जागी ९ वॅट. आपल्या वाडीतल्या घरांतसुद्धा पिवळा बल्ब आता शोधूनच सापडतो. त्यासाठी कुणाला भाषण द्यावं लागलं नाही. बिल कमी आलं आणि लोकांनी बल्ब बदलले.

शेतात तसं झालं नाही. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांची वीज सरकारनं मोफत केली. अडचणीतल्या शेतकऱ्याला तो मोठा आधार आहे आणि तो काढून घ्यावा असं मी कधी म्हणणार नाही. पण बिलच नसेल तर मोटार जास्त खाते की कमी, हे पाहणार कोण? गावाकडच्या जुन्या विहिरीवरची आपली मोटार तू एकदा मन लावून बघ. किती वेळा तिचं रिवाइंडिंग झालंय. प्रत्येक वेळी जळालेली तार काढायला ती तापवायची, नवी तार मिळेल त्या जाडीची भरायची, आणि दरवेळी तीच मोटार तेवढ्याच पाण्याला थोडी जास्त वीज खाते. खाली फूट व्हॉल्व्हच्या जाळीत पाला आणि गाळ अडकलेला, वर जोडाला ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, पुढं पाइपाचं तोंड लहान, आणि बांधाच्या कोपऱ्यावर काटकोनात दोन एल्बो. वीज पाणी वर उचलण्यात जाते तशीच या अरुंद वाटेतून ते रेटण्यातही जाते. कपॅसिटर काढून बाजूला टाकलेला, आणि स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला. लाईट आली रे आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, सगळा भार एकदम डीपीवर येतो आणि डीपी जळते. मग सगळेच बसून राहतात. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय की ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा. यात आपलाच फायदा आहे, पण एकट्यानं करून उपयोग नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून केलं तरच ती टिकते.

सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याकडं ऊर्जा दक्षता ब्युरोनं महावितरणच्या सोबतीनं दोन हजारांवर जुने पंप काढून तारांकित पंप बसवले. शेतीच्या पंपांवरचा ब्युरोचा असा प्रयोग पहिल्यांदा तिथं झाला. शेतकऱ्याला पाणी पूर्वीइतकंच, वीज मात्र कमी. तो प्रयोग सगळ्या महाराष्ट्रभर पसरायला हवा होता. त्याच्याऐवजी आज आपण पंपांची संख्या मोजतो. किती बसले, किती जिल्ह्यांत बसले. एका एकराला किती पाणी आणि किती वीज लागली, याची मोजदाद कुणी मागत नाही. सरकारनं ती मागावी. तोपर्यंत तू स्वतःच ठेव.

सौरपंपाचा धोका तर आणखी मोठा आहे, बापू, आणि तो मी तुला प्रेमानं पण स्पष्ट सांगते. ऊन फुकट, वीज फुकट, मोटार सकाळी सुरू आणि सूर्य मावळला की आपोआप बंद. मग ती थांबवायची कशाला, असं मन म्हणतं. वहिनी म्हणाली, तू माळावर दोन एकर ऊस घालायचा विचार करतोयस. विचार कर, पण विहिरीला विचारून कर. आपल्या जमिनीखाली वाळूचे थर नाहीत, काळा पाषाण आहे. पाणी असतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात. या पाषाणात मुरायला जागाच थोडी, म्हणून एका चांगल्या पावसानं विहीर काठोकाठ भरते आणि सलग उपशानं तितक्याच लवकर तळाला जाते. तुझ्या विहिरीचा झरा शेजारच्या विहिरीचाही असू शकतो. तू दिवसभर उपसलंस तर मार्चमध्ये त्याची मोटार हवा ओढायला लागेल. तो मग बोअर घेईल, तुझ्याहून खोल. मग तू आणखी खोल जाशील. पाणी जितकं खाली, तितकी ते वर आणायची ताकद जास्त लागते. म्हणजे कोळसा वाचवायला बसवलेल्या पंपानं शेवटी जास्त वीज खाणारी शेती उभी राहील, आणि पाणीही जाईल. हा सरकारचाही पराभव आणि आपलाही.

म्हणून माझं मागणं असं. उसाचा हट्ट असेलच तर ठिबकशिवाय नको. केंद्राच्या अनुदानावर राज्य भर घालतं, त्यामुळं अल्प आणि अत्यल्पभूधारकाला ठिबकच्या खर्चावर ८० टक्क्यांपर्यंत आणि बाकीच्यांना ७५ टक्क्यांपर्यंत मदत मिळते. आणि हट्ट नसेल तर हरभरा, करडई, ज्वारी ही आपल्या मातीची रब्बी पिकं आहेत. ठरावीक वेळी दोन-तीन पाणी दिलं तरी ती भरभरून देतात. खरिपात सोयाबीन रुंद वरंबा सरीवर पेर. जास्त पाऊस झाला तर सरीतून निघून जातो, कमी झाला तर वरंब्यात ओल टिकते. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात चौकशी केलीस तर यंत्रापासून वाणापर्यंत सगळं सांगतील. जागतिक बँकेच्या साहाय्यानं २०१८ पासून चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आपला जिल्हा पहिल्यापासून आहे. हवामान बदललं तरी शेती टिकावी, हाच त्याचा हेतू. गाव पात्र असेल तर त्यातलं एकही काम सोडू नकोस. पाण्याचा प्रत्येक वाचलेला हंडा म्हणजे तो वर उचलण्याची वाचलेली वीज. ऊर्जा वाचवायचा शेतकऱ्याच्या हातातला सगळ्यात स्वस्त मार्ग हाच.

आणखी एक. पंप वर्षातून फार तर निम्मे दिवस चालतो, पण ऊन वर्षभर पडतं. सौरपंपाला सर्वोपयोगी कंट्रोलर बसवता येतो, त्याला यूएसपीसी म्हणतात. त्यावर पंप बंद असताना कडबाकुट्टी चालते, छोटी गिरणी चालते. तुझ्या पंपाला तो घेता येईल का, हे कंपनीच्या माणसाला आणि महावितरणच्या कार्यालयात विचार. पॅनलवर आपल्या मातीची धूळ फार बसते. आठवड्यातून एकदा पहाटे, काच गार असताना, साध्या पाण्यानं पुसून घेत जा. धुळीनं झाकलेलं पॅनल कमी वीज देतं.

शेवटची गोष्ट गावाची. गायरानावर सौर प्रकल्प येणार अशी चर्चा तिकडं चाललीय म्हणे. यावं, मला हवंच आहे. पण गायरान मोकळं पडलेलं नाही. मराठवाड्यात गायरानं कसून पोट भरणारी भूमिहीन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यात बहुतेक दलित आणि भटके. शेळ्या-मेंढ्या घेऊन येणाऱ्यांची तीच चराई. स्वच्छ वीज आणताना सगळ्यात गरिबाच्या पायाखालची जमीन गेली, तर त्या विजेला स्वच्छ म्हणायला माझी जीभ धजणार नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण लहानपणापासून ऐकतोय. तर इथं परभणीत, जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेच्या सहकार्यानं आणि आपल्या कृषी विद्यापीठाच्या सहभागानं, सौर पॅनलखाली पिकं घेण्याचा प्रयोग झालेला आहे. पॅनल उंचावर घेतले, ओळींत अंतर ठेवलं तर खाली पीकही येतं आणि शेळीही चरते. खर्च थोडा वाढतो. पण सावलीला चालणारी पिकं, चारा आणि वीज एकाच जमिनीवर मिळू शकतात, हे दाखवायला तुला लांब जावं लागणार नाही.

ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षांत पंधरा लाख रुपये मिळायची तरतूद आहे. ते पैसे कशाला लावायचे हे ग्रामसभेत ठरायला हवं, चार जणांच्या बैठकीत नव्हे. तू शिकलेला आहेस, लोक तुझं ऐकतात. पुढच्या ग्रामसभेत उभा राहा आणि तीन मागण्या ठरावात लिहून घे. गायरानावर पोट असणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद आधी व्हावी आणि त्यांना पर्यायी जमीन किंवा पॅनलखाली कसण्याचा हक्क मिळावा. नळयोजनेचा जुना पंप काढून तारांकित पंप बसवावा. आणि गावातल्या विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून ती शाळेच्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल अशी लिहावी. या ठरावाला विरोध होईल, हे मला माहीत आहे. तरीही मांड. एकदा नाकारला तर पुढच्या सभेत पुन्हा मांड, आणि वहिनीला व शेजारच्या बायकांना सोबत ने. रात्रीच्या पाण्याची किंमत त्यांनीही मोजलीय, म्हणून दिवसाच्या पाण्याचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांचाही आहे.

सरकार पंप देईल, अनुदान देईल, कायदा करेल. किती उपसायचं आणि कुणासाठी किती शिल्लक ठेवायचं, हे मात्र गावानंच ठरवायचं. तू त्यात पुढं हो. ठरावाचा मजकूर लिहायला मदत लागली तर मी आहे, मसुदा करून पाठवते.

दादाला नमस्कार सांग, वहिनीला आशीर्वाद, पोरांना पापा.

तुझी,
आत्या